एकीपुरती जागा

१

कानसेनबाईंना ऑफिसात सगळे कानसेनबाईच म्हणत. नाव त्यांना काम शिकवणाऱ्या मास्तरांनी ठेवलं होतं. मास्तर आधी रिटायर झाले, मग देवाघरी गेले, नाव मात्र बाईंना चिकटून राहिलं. गाणारे तानसेन पैशाला पासरी मिळतात, ऐकणारा कानसेन लाखात एक, असं मास्तर चारचौघांत म्हणायचे. बाई "काहीतरीच!" म्हणून हसून सोडून द्यायच्या आणि घरी गेल्या की आईला शब्दन् शब्द सांगायच्या.

काम काय, तर सिनेमात किंवा मालिकेत जेवढं म्हणून संगीत वाजतं त्याची नोंद करायची. रडारडीच्या वेळचं व्हायोलिन, दार उघडताना वाजणारी बासरी, हॉटेलातल्या दृश्यात कोपऱ्यातल्या रेडिओवर पुसट लागलेलं गाणं. कुठला तुकडा, कुणी बांधला, कुणी वाजवला, कुणी गायला, सगळं एका कागदावर मांडायचं. त्याला क्यू शीट म्हणतात. त्या कागदावर ज्याचं नाव, त्याला त्याचा वाटा पोचतो. ज्याचं नाव नाही तो गेला बाराच्या भावात.

बाकीची मंडळी हे काम कानात तेल घालून करत. संगीतकाराने दिलेली यादी पुढे ठेवायची आणि उतरवून काढायची, झालं. कानसेनबाई आधी डोळे मिटून सगळा भाग ऐकत, मग डोळे उघडून बघत, आणि एखाद्या तुकड्याचा संशय आला तर तो स्वतः गुणगुणून बघत. आपल्या गळ्यातून गेला की सूर ओळख देतो, असं त्यांचं म्हणणं. तीन सेकंदांची घंटा असली तरी तिचा बाप शोधून काढल्याशिवाय त्या कागदावर सही करत नसत. नाव सापडलं नाही तर 'अनामिक' असं लिहायची सोय होती. बाईंनी नोकरीत एकदाही तो शब्द लिहिला नव्हता, आणि हे त्या कुणी न विचारता सांगत. गर्वाचं घर खाली, असं म्हणतात. कानसेनबाईंचं घर चौथ्या मजल्यावर होतं.

या कागदावर एक रकाना असतो, तो बाहेरच्यांना ठाऊक नसतो. संगीत 'आतलं' की 'वरचं'? दृश्यातल्या माणसांना जे ऐकू येतं ते आतलं: रेडिओ, बँड, कुणाचं गुणगुणणं. मागाहून चिकटवलेलं, फक्त बघणाऱ्यांना ऐकू येतं ते वरचं. नवशिक्यांचा इथेच घोटाळा होई. मास्तरांनी त्यावर एक साधी खूण शिकवली होती.

"माना बघायच्या," ते म्हणायचे. "ज्याला ऐकून कुणी मान वळवतं ते आतलं. कुणीच वळवत नाही ते वरचं."

आजवर ही खूण कधी चुकली नव्हती.

२

त्या दिवशी बाईंच्या टेबलावर एका नव्या मालिकेचा भाग आला. ऐकायची खोली जिन्याच्या बाजूला होती. भिंतींना जाड करडं कापड, एक खिडकी, तीही बंद, आणि मध्ये एक खुर्ची. बसून बसून त्या खुर्चीला बाईंचा आकार आला होता. त्यांनी हेडफोन चढवले, डोळे मिटले.

दृश्य साधंच होतं. दोन बहिणी स्वयंपाकघरात उभ्या राहून वडिलांचं घर विकायचं की नाही यावरून भांडत होत्या. मागे खिडकीपाशी एक म्हातारी कॅमेऱ्याकडे पाठ करून बशा पुसत होती. भांडणाखाली बासरी होती. ती संगीतकाराच्या यादीत होती. बाईंनी बोटाने टेबलावर ठेका धरला आणि मध्येच बोट थांबलं.

बासरीच्याही खाली कुणीतरी गुणगुणत होतं.

बाईचा आवाज. ओठ मिटलेले. चार सूर एकेक पायरी चढत वर जायचे आणि शेवटची पायरी यायच्या आत थांबायचे, मग पुन्हा पहिल्यापासून. असं अडखळत नाही कुणी. मुद्दाम, कुणाची तरी वाट बघत थांबल्यासारखं ते थांबणं होतं. बाईंनी दृश्य मागे नेलं, पुन्हा ऐकलं. आहे. डोळे उघडून बघितलं. मोठी बहीण बोलत होती, धाकटी रडत होती, म्हातारी बशा पुसत होती. कुणाचीही मान हलली नाही.

म्हणजे वरचं. बाईंनी रकान्यात तसं लिहिलं. गायिकेच्या रकान्यापाशी आल्या आणि पेन थांबलं. यादीत गुणगुणीचा उल्लेखच नव्हता.

'विसरला असेल शहाणा,' त्या स्वतःशी म्हणाल्या, आणि सवयीने ते चार सूर गुणगुणून बघितले. चौथ्यावर थांबायचं सोडून त्यांच्या गळ्याने पाचवा आपोआप घेतला. हेडफोनमध्ये त्याच क्षणी गुणगुण बंद झाली. दृश्य संपलं होतं. बोलाफुलाला गाठ, दुसरं काय.

३

संगीतकाराने फोनवर सरळ कानांवर हात ठेवले.

"गुणगुण? बाई, मी फक्त बासरी दिली आहे. बाईमाणूस घ्यायला मला बजेट कुठे दिलंय त्यांनी?"

"नीट आठवा. एखादी मैत्रीण सहज गायली असेल रेकॉर्डिंगला."

"मैत्रीण असती तर तुमच्या आधी बायकोने पकडली असती हो!"

मग बाईंनी मिक्सिंगवाल्याला गाठलं. सगळे आवाज एकत्र कालवून शेवटचा ध्वनी तयार करणारा तो माणूस, पोट सुटलेला आणि कायम हसरा. तो आपला लॅपटॉप घेऊन स्वतःच खोलीत आला. त्याच्याकडे प्रत्येक आवाजाची वेगळी पट्टी होती: संवादांची एक, बासरीची एक, बशांच्या खणखणाटाची एक.

"एकेक बंद करत जाऊ," तो म्हणाला. "जिच्यात आहे ती सापडेल. लपून लपून कुठे लपेल?"

त्याने बासरी बंद केली. गुणगुण होती. संवाद बंद केले. होती. उरल्या बशा, म्हणजे ती बशांबरोबर रेकॉर्ड झाली, असं म्हणून त्याने बशाही बंद केल्या आणि खोलीत शांतता झाली.

"बघा. बशांमध्येच आहे."

"आता नुसते संवाद लावा," बाई म्हणाल्या.

त्याने लावले. बहिणी भांडायला लागल्या आणि त्यांच्याखाली गुणगुण. मग नुसती बासरी. तिच्याखालीही तीच. मिक्सिंगवाल्याचं हसू जरा वेळ तसंच तोंडावर राहिलं, उतरवायचं विसरल्यासारखं. त्याने पुन्हा सगळ्या पट्ट्या बंद केल्या. पडद्यावर बहिणी नुसती तोंडं हलवत होत्या. बाहेर जिन्यावरून कुणीतरी चप्पल ओढत गेलं.

"वायरीचा काहीतरी लोचा असणार," तो म्हणाला. लॅपटॉप मिटता मिटता पुढे म्हणाला, "बाई, एक सांगू? अनामिक लिहा आणि मोकळ्या व्हा. एवढ्याशा गुणगुणीपायी कशाला डोकं पिकवता?"

त्याने चांगल्या मनाने सांगितलं होतं. पण कानसेनबाईंच्या नाकावर माशी बसलेली चालत नसे, आणि ही तर चक्क गालावर चापट होती.

४

त्या आवाजात काहीतरी ओळखीचं होतं, आणि तेच त्यांना छळत होतं.

दुसऱ्या दिवशी त्या तळमजल्यावरच्या कोठीत गेल्या. तिथे जुन्या सिनेमांच्या ध्वनिफिती लोखंडी मांडण्यांवर रचलेल्या होत्या. त्यांनी हाताला येतील तशा काढल्या, वर आणल्या आणि ऐकायला बसल्या. एका सिनेमात बोटीचं दृश्य होतं. लाटांच्या आवाजाखाली तेच चार सूर. दुसऱ्यात लग्नाची मिरवणूक, कोरस जोरात गातो आहे, आणि कोरस श्वास घ्यायला थांबला की त्या फटीत तेच. कुठेही कुणाचीही मान वळत नव्हती. आणि मिरवणुकीच्या त्या गाण्यात, चौथ्या सुराआधी गुणगुणणारीने श्वास घेतला. किंचित नाकातून, किंचित उशिरा.

बाईंनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. डोळ्यांत टचकन पाणी आलं.

तो श्वास त्यांनी जन्मल्यापासून ऐकला होता. त्यांची आई असाच श्वास घ्यायची.

आई कोरसमध्ये गायची. पुढे एक नामवंत गायिका उभी राहते, आणि मागे ज्या पाच-सहा बायका 'आ' आणि 'ओ' करत गाण्याला अंग देतात, त्यांतली एक. ऐन उमेदीची सगळी वर्षं तिने त्यात घातली. गाणी घराघरांत गेली. आईचं नाव कुठल्याही तबकडीवर नाही, कुठल्याही सिनेमाच्या पाटीवर नाही, कुठल्याही क्यू शीटवर नाही. 'आणि सहकारी', एवढंच. कानसेनबाईंनी या नोकरीला अर्ज केला तो त्याच दोन शब्दांच्या रागाने. आणि आता आईचाच आवाज एकटा, स्वच्छ, त्यांच्या मांडीवर पडला होता. जगात दुसऱ्या कुणाला तो ओळखता आला नसता. मास्तर असते तर पाठ थोपटली असती त्यांनी!

शंका त्यांनाही आल्या, नाही असं नाही. आजच्या मालिकेत आईचा आवाज कसा? कुठली तरी जुनी फीत वापरली असेल, आजकाल सर्रास वापरतात. सगळ्या पट्ट्यांवर कसा? वायरीचा लोचा, मिक्सिंगवाला म्हणाला ना. बोटीच्या सिनेमाच्या डब्यावरचं साल आई शाळेत होती तेव्हाचं होतं. डब्यावर काय, कुणीही काहीही लिहितं. मनी वसे ते कानी, असं एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं, पण ऐकावे जनाचे आणि करावे मनाचे या चालीवर त्यांनी तेही बाजूला सारलं. पेन उचललं आणि गायिकेच्या रकान्यात, नेहमीपेक्षा वळणदार अक्षरात, आईचं पूर्ण नाव लिहिलं.

लिहून झाल्यावर ते त्यांनी मोठ्याने वाचलं. कापड लावलेल्या खोलीत शब्द घुमत नाहीत. तरी नाव संपल्यावर क्षणभर काहीतरी मागे राहिल्यासारखं वाटलं.

५

घरी पोचण्याआधीच आई घरात आहे हे कळायचं, कारण ती सतत गुणगुणत असे. कुलपात किल्ली घालताना दाराआडून सूर यायचा. वय झालं होतं, गुडघे गेले होते, चष्म्याचा नंबर वाढतच होता, गळा मात्र जागच्या जागी होता. शेजारीण म्हणायची, "तुमच्या घरी रेडिओ लावावाच लागत नाही."

त्या संध्याकाळी बाईंनी पर्सही खाली ठेवली नाही.

"आई, आज तुझं नाव लावलं मी!"

"कशाला लावलंस? कुठे?" आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"एका मालिकेत तू गुणगुणतेस. एकटी! मी शोधून काढलं. उद्या दुपारी कागद पुढे जाईल, आणि मग आई, कायमचं. कुणी पुसू शकणार नाही."

आईने घडी अर्धी ठेवली.

"मी एकटी कधीच गायले नाही," ती म्हणाली. "कोरसमध्ये जी एकटी ऐकू आली ती नापास. मी एकदाही नापास झाले नाही."

हे ती मान ताठ करून म्हणाली. लेकीला गर्व कुठून आला ते कुणालाही तेव्हा कळलं असतं.

"बरं, पण आवाज तुझाच आहे. तो श्वाससुद्धा." आणि बाईंनी ते चार सूर गुणगुणून दाखवले.

आईने चटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. हात थंडगार होता.

"गाऊ नकोस ते."

मग ती पलंगाच्या कडेला बसली आणि चादरीवरून हात फिरवू लागली.

"आम्ही सहाजणी होतो," ती म्हणाली. "माईकसमोर अर्धगोल करून उभं राहायचं. मध्ये एकीपुरती जागा सोडायची. पहिल्याच दिवशी मला सांगितलं, इथे सरकू नकोस, जागा ठेव. मी ठेवली. कशाला, ते मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. मग टेप ऐकवायचे. सहाजणी गायलो की सात ऐकू यायच्या."

"सात कशा?"

"मला कान नाहीत का? तुझे कान आले कुठून?" आई क्षणभर पूर्वीसारखी चिडली. "वरचे साहेब खूश व्हायचे, सहा बायका आणि काय भरलेला आवाज! आम्ही आपल्या गप्प. ती शेजारणीसारखीच गायची बघ. अगदी श्वासासकट. आणि जागेच्या उजवीकडे मी उभी असायचे."

बाईंनी पर्स आता खाली ठेवली.

"उंच मावशी आठवते तुला?" आईने विचारलं.

"आठवते ना. यायची आपल्याकडे. मुकी होती ती."

"मुकी नव्हती गं. तू पाहिलीस तेव्हा झाली होती. एकदा चहाच्या सुट्टीत तिला चेष्टा सुचली. त्या मधल्या जागेकडे बघून म्हणाली, काय गं बाई, तुला नावबिव आहे की नाही? नसेल तर माझं लाव. आम्ही सगळ्या हसलो. मीसुद्धा हसले. सुट्टीनंतर उभ्या राहिलो. ती तोंड उघडत होती, आवाज नाही. टेपवर मात्र तिचा आवाज सगळ्यांच्या पुढे."

खाली रस्त्यावर कुणीतरी मोटार मागे घेत होतं, तिची पीं-पीं बराच वेळ चालू होती.

"ते नाव काढ," आई म्हणाली.

"काढलं तर अनामिक लिहावं लागेल मला."

"लिही मग! कुणी बिननावाचं राहिलं तर आभाळ नाही कोसळत. काही लोकांना तीच जागा हवी असते."

बाई "बरं" म्हणाल्या. पण ते म्हातारीची समजूत घालायला म्हटलेलं 'बरं' होतं, आणि आईला ते ऐकू आलं असणार.

६

सकाळी खोलीत ऊन होतं. बंद खिडकीच्या काचेतून ते खुर्चीवर पडलं होतं, आणि उजेडात कालची गोष्ट म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या मनाचे खेळ वाटत होती. उंच मावशीला घशाचा आजार असेल. कोरसमधल्या बायकांना होतातच घशाचे आजार. तरीही बाईंनी शेवटचं म्हणून ते दृश्य पुन्हा लावलं.

मोठी बहीण बोलत होती. धाकटी रडत होती. बासरीखाली गुणगुण होती, आधीपेक्षा जवळ. मागे म्हातारी बशा पुसत होती, आणि तिसऱ्या सुराला तिची मान जराशी वळली.

बाईंनी दृश्य थांबवलं. परवा ती वळली नव्हती. परवा नीट बघितलं नसेल! पण नीट बघितलं नाही, हे वाक्य त्यांना स्वतःबद्दल उच्चारताही येईना. त्यांनी मागे नेऊन पुन्हा लावलं. मान वळली, या वेळी कानाची पाळी दिसेपर्यंत. तिसऱ्यांदा गालाची कड दिसली. हातातली बशी तशीच, फडकं तसंच, भांडणाऱ्या बहिणींना पत्ता नाही, आणि म्हातारी हळूहळू मागे बघायला लागली होती. बहिणींकडे नाही. त्यांच्याही पलीकडे, जिथे कॅमेरा असतो, जिथे बघणारा बसतो.

चौथ्यांदा त्यांनी लावलं नाही. तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि साहेबांनी डोकं आत घातलं.

"कानसेनबाई, तो कागद झाला का? दुपारच्या गठ्ठ्यात घालायचाय. काही बदल?"

कागद समोर होता. आईचं नाव वळणदार अक्षरात होतं. त्यावर एक रेघ मारायची आणि शेजारी एक शब्द लिहायचा, एवढंच काम. तो शब्द त्यांनी आयुष्यात लिहिला नव्हता. आणि रेघ कुणाच्या नावावर? जिला सगळ्या जन्मात कुणी नावाने हाक मारली नाही, तिचं नाव तिच्याच मुलीने खोडायचं? साहेब दारात उभे होते, त्यांच्यासमोर? बाईंची मान ताठ झाली, काल आईची झाली होती तशीच.

"एक बदल आहे," त्या म्हणाल्या.

कारण चुकीची नोंद त्यांच्या हातून जाणं शक्यच नव्हतं. त्यांनी पेन घेतलं, आईच्या नावाला हात लावला नाही, आणि शेजारच्या रकान्यातला 'वरचं' हा शब्द खोडून तिथे 'आतलं' असं लिहिलं. सही केली. साहेब कागद घेऊन गेले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

७

दुपारी त्या लवकर निघाल्या. काळजी वाटत होती असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. जिना चढताना कानोसा घेत होत्या. तिसऱ्या मजल्यावर काहीच नाही. चौथ्या मजल्याच्या शेवटच्या पायऱ्यांवर मात्र दाराआडून गुणगुण ऐकू आली, आणि त्या भराभर वर आल्या. त्या हसल्यासुद्धा. कसली उंच मावशी आणि कसलं काय! आई नेहमीसारखी गात होती. उलट आज आवाज मोकळा लागला होता, तरुणपणी लागत असेल तसा.

कुलूप उघडून त्या आत आल्या, बैठकीची खोली ओलांडली आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या.

आई टेबलापाशी बसली होती, त्यांच्याकडे तोंड करून. ऊन तिच्या हातांवर पडलं होतं. ओठ घट्ट मिटलेले होते, गळा हलत नव्हता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

गुणगुण चालूच होती. ती बाईंच्या मागून येत होती, आत्ताच ओलांडून आलेल्या खोलीतून.

"आई," त्या म्हणाल्या.

आईने तोंड उघडलं. ओठांनी लेकीला हाक मारली, घरातल्या नावाने. ती हाक बाईंना फक्त दिसली. मग आई टेबलाला धरून उठली, गुडघे दुखत असताना झरझर आली आणि तिने बाईंचे दोन्ही गाल तळव्यांत घट्ट धरले. मान वळू द्यायची नाही, असे. तिचे डोळे मात्र बाईंच्या खांद्यावरून मागे बघत होते, एका ठिकाणावरून दुसऱ्या ठिकाणी, सावकाश, ओळीने उभ्या असलेल्यांवरून फिरावेत तसे.

गालावरचा एक हात तिने काढला. बाईंच्या कानाला बोट लावलं आणि जोरजोरात मान हलवली. नाही. नाही म्हण. ऐकू येत नाही म्हण.

किती सोपं होतं! एक शब्द. लोक दिवसाला पन्नासदा असं खोटं बोलतात. बायको हाक मारते आणि नवरा ऐकू आलं नाही म्हणतो. बाईंनी म्हणायला तोंड उघडलंही.

आणि मागे कोरस सुरू झाला. आधी एक आवाज जाड, मग एक थरथरता, मग उंच मावशीचा, जो त्यांनी कधीच ऐकला नव्हता आणि तरीही ओळखला. एकात एक मिसळत ते वर चढत गेले, आणि त्या सगळ्यांच्या पुढे, काचेसारखा स्वच्छ, आईचा. तबकडीवर नाही, पाटीवर नाही, पण काय आवाज होता तो! असा आवाज सिनेमावाल्यांनी मागे उभा केला होता! बाईंचा ऊर भरून आला. भीती होती, पाचावर धारण बसली होती, तरी त्या भीतीच्या वर, तिला खाली दाबून, अभिमान होता. जगातले सगळे सूर ज्यांनी ओळखले त्यांनी आपल्या आईचा सूर ऐकू आला नाही म्हणायचं?

"येतोय," त्या म्हणाल्या. "आई, तुझा सगळ्यांत वेगळा ऐकू येतोय."

आईचा चेहरा उतरला. परीक्षेत नापास झालेल्या मुलीसारखा. तिचा दुसरा हातही गालावरून खाली घसरला.

मागे चारही सूर चढून झाले आणि कोरस थांबला. पाचव्याच्या आधी, नेहमीसारखा, वाट बघत. खोलीत फक्त श्वास ऐकू येत होते. पाचवा सूर बाईंच्या गळ्याशी आला होता. त्यांनी मान वळवली.

उन्हात पाठमोऱ्या बायका अर्धगोल करून उभ्या होत्या, आणि मध्ये एकीपुरती जागा होती.